ससा कुरतडतो, ससा उकरतो : घरातलं नुकसान कसं आवरायचं?



आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते जमा झाले, कर्जाचं बोलणं झालं, चहा आला की हल्ली एक विषय हळूच निघतो. ससा! हसू नका. पोरांनी हट्ट धरला म्हणून बाजारातून पांढराशुभ्र ससा घरात आला. पंधरा दिवस सगळ्या गल्लीने कौतुक केलं. मग एक दिवस मोबाईलच्या चार्जरची वायर तुटलेली सापडली. नंतर गोधडीला भोक. नंतर ज्वारीच्या पोत्याचा कोपरा. कालच सारवलेली भुई सकाळी उकरलेली. एका घरात तर गटाचं रजिस्टर खालच्या फळीवर होतं, त्याची कड सशाने चावून टाकली आणि सात-आठ जणींच्या हप्त्यांचे आकडेच गेले. पासबुकं समोर ठेवून ते पान पुन्हा लिहायला त्या बाईची दुपार गेली.

मग घरातली मोठी माणसं म्हणतात, "सोडून या त्याला शेतात." लेकरू रडायला लागतं. नुकसान निस्तरायचं बाईने, घाण काढायची बाईने, आणि लेकराची समजूतही बाईनेच काढायची. म्हणून आज आम्ही यावरच बोलणार आहोत.

आधी ते शेतात सोडण्याचं बघू. आपल्या मराठीत शिवारातला तो करडा आणि घरातला हा पांढरा, दोघांनाही ससाच म्हणतात. घोळ तिथेच होतो. दोन्ही जनावरं वेगळी आहेत. शिवारातला ससा बीळ करत नाही. तो गवतात, बांधाच्या आडोशाला नुसता दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडलेली आणि अंगावर केस असलेली असतात. घरात पाळतात तो ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळं करून कळपाने राहणारा. त्याची पिल्लं उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. हा पांढरा ससा आपल्या शिवारात सोडला तर त्याला ना लपायचं ठाऊक, ना कुत्रं ओळखायचं ठाऊक. पांढरा रंग तर लांबूनच दिसतो. एखादी रात्र निघाली तरी पुष्कळ. शिवाय पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आणि उलटंही होतं. ज्वारी काढताना शिवारातल्या सशाचं पिल्लू सापडलं की पोरं ते घरी आणतात. तेही करू नका. शिवारातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते पिल्लू घरात बहुधा जगतही नाही. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे आईने टाकलं असं नसतं. आई मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडला की दूध पाजायला येते. जिथे दिसलं तिथेच राहू द्यायचं.

आता मूळ गोष्ट. घरातला ससा बिळातला आहे हे एकदा लक्षात घेतलं की त्याच्या निम्म्या खोड्यांचं कोडं सुटतं. उकरणं ही त्याची खोडी नाहीच, तो त्याचा संसार आहे. आपल्याला कोपरा दिसला की झाडावासा वाटतो, त्याला कोपरा दिसला की उकरावासा वाटतो. कुरतडण्याचं कारण दातांत आहे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ते झिजले नाहीत तर वाकडे होतात, तोंडात टोचतात, मग खाणं बंद. म्हणजे त्याने चावलं नाही तर तो मरेल. प्रश्न एवढाच की त्याने चावायचं काय: तुमची गोधडी, की तुम्ही दिलेलं काही?

इथे आम्हाला एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे, कारण बहुतेक घरांत इथेच चुकतं. ससा म्हणजे गाजर, हे पोरांच्या पुस्तकातल्या चित्रामुळे डोक्यात बसलंय. घरात त्याला काय मिळतं? गाजर, पोळीचा तुकडा, बिस्कीट, भात. हे सगळं मऊ. पोट भरतं, पण दात झिजत नाहीत. सशाचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत. दिवसभर, रात्रभर, त्याच्यापुढे गवत असलंच पाहिजे. त्याच्या खाण्यातला पाऊण हिस्सा तरी गवत हवा. गवत चावताना त्याचा जबडा आडवा फिरतो आणि मागच्या दाढाही झिजतात. ज्या घरात गवताचा भारा कोपऱ्यात आहे, त्या घरात पोत्याचे कोपरे बऱ्यापैकी शाबूत राहतात, असं आम्ही बघितलं आहे.

गवत कुठलं? आपल्याकडे बांधावर मारवेल येतं, ते सगळ्यात चांगलं. फुलावर यायच्या सुमाराला कापून सावलीत वाळवलं तर हिरवटपणा आणि वास टिकतो. कुसळी गवत कुसळं धरल्यावर देऊ नका, कुसळं तोंडात आणि डोळ्यांत जातात. कडब्याचा वाळलेला पाला चालतो, पण कोवळी हिरवी ज्वारी नको. तिच्यात विष असतं हे गाई-म्हशीवाल्या घरांना सांगायला नको. बुरशी धरलेलं, पावसात भिजलेलं गवत कितीही असलं तरी फेकून द्यायचं. लसूण घास कधीतरी मूठभर, रोज नको. पिल्लांना तो चालतो, मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातला चुना जास्त होतो. वरून हिरवा पाला थोडा द्यायचा: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. गाजर द्यायचंच असेल तर बोटाच्या पेराएवढा तुकडा. ते त्याला पेढ्यासारखं आहे.

चघळायला लाकूड हवं. आपल्या जिल्ह्यात रेशीम शेती बऱ्याच जणींच्या घरी आहे. जालन्यात तर कोषांची बाजारपेठच आहे. तेव्हा तुतीच्या काड्या फुकट मिळतात. तुतीचा पाला आणि काडी दोन्ही सशाला आवडतं. तुतीवर विषारी फवारा मारला तर आपलेच किडे मरतील, म्हणून ती बाग इतर पिकांपेक्षा कमी धोक्याची. तरी शेवटचा फवारा कधी झाला ते मालकिणीला विचारून घ्या. एक मात्र पाळा: काडी बागेतून ताजी कापून आणा. किडे खाऊन उरलेल्या, शेडमधल्या काड्या देऊ नका. त्यांच्यावर विष्ठा असते, चुना असतो, निर्जंतुकीची पावडर असते. बोरीची फांदी काटे काढून चालते. पऱ्हाटी अजिबात नको, तिच्यावर हंगामभर फवारे झालेले असतात. सुबाभूळही नको. तिच्यातल्या द्रव्याने सशाचे केस गळतात. रुई, कण्हेर, घाणेरी, एरंड, धोतरा ही तर घरात येताच कामा नयेत.

एवढं केलं तरी वायरीचं वेगळं बघावं लागतं. वायर सशाला मुळीसारखी वाटते. बिळात आडवी आलेली मुळी तो कातरून टाकतो, तसाच तो वायर कातरतो. एका दणक्यात तुटते. वीज चालू असेल तर ससा जागीच मरतो, आणि उघड्या तारेला लेकराचा हात लागायचा धोका राहतो तो वेगळाच. म्हणून वायरी खाली लोंबत ठेवायच्याच नाहीत. खिळे ठोकून कमरेच्या उंचीवर घ्या. खालून जावीच लागत असेल तर पीव्हीसीच्या कडक पाईपमधून न्या. काही जणी ठिबकची जुनी नळी उभी चिरून वायरीवर चढवतात. युक्ती चांगली आहे, पण ती नळी मऊ असते, चार-आठ दिवसांत तिलाही ससा पोखरतो. तिच्या भरवशावर राहू नका. आणि चार्जर वापरून झाला की बोर्डातून काढून ठेवायचा. ससा नसला तरी हे करायचंच.

उकरण्यासाठी त्याला त्याची जागा द्या. जुनं घमेलं किंवा पत्र्याचा पसरट डबा घ्या, धारदार कडा ठोकून आत वळवा. त्यात निम्म्यापर्यंत माती भरा, किंचित ओली. त्यात गवताच्या दोन काड्या आणि कोथिंबिरीची एक काडी पुरून ठेवा. पहिल्या दिवशी तुम्हीच त्याच्यासमोर बोटांनी माती उकरा, म्हणजे त्याला कळतं की इथे परवानगी आहे. माती सांडेल. सांडू द्या. सारवलेली भुई उकरली जाण्यापेक्षा मूठभर माती झाडून काढणं सोपं.

लपायलाही जागा हवी. लपायला जागा नसलेला ससा सतत घाबरलेला असतो, आणि घाबरलेलं जनावर जास्त कुरतडतं. फुटका माठ किंवा रांजण असेल तर तोंड थोडं मोठं करून, कडा घासून, आडवा ठेवून द्या. त्याला ते बिळासारखं वाटतं. उन्हाळ्यात आतून गारही राहतो.

कोंडून ठेवायचं का, असं विचारतात. दिवसभर डालग्याखाली झाकलेला ससा संध्याकाळी सुटला की घरभर धुमाकूळ घालणारच. त्यात त्याचा दोष काय? सशाची चपळाई पहाटे आणि दिवस मावळताना असते, दुपारी तो झोपतो. तेव्हा पहाटे आपण चूल पेटवतो तेव्हा आणि संध्याकाळी, मिळून तीन-चार तास त्याला मोकळं सोडा. एखादी खोली किंवा पडवी, जिथे वायर नाही आणि धान्याची पोती नाहीत. बाकीचा वेळ पिंजऱ्यात. पिंजरा एवढा हवा की त्याला तीन-चार उड्या मारता येतील आणि मागच्या पायांवर उभं राहता येईल. नुसत्या जाळीच्या तळावर ठेवू नका, तळव्यांना जखमा होतात. फळी टाका, वर गवत. जो ससा रात्रभर पिंजऱ्याची जाळी दातांनी ओढत बसतो, त्याला बाहेर यायचं असतं. एवढाच त्याचा अर्थ.

मुताचा वास ही दुसरी मोठी तक्रार. इथे ससा आपल्याला मदत करतो. तो स्वतःच एक कोपरा निवडतो. तुम्ही दुसरा कोपरा ठरवून उपयोग नाही. त्याने निवडलेल्या कोपऱ्यात गवत घातलेलं घमेलं ठेवा. दोन-चार लेंड्या त्यातच टाका, म्हणजे त्याला खूण पटते. गवत खात-खात तिथेच लेंड्या टाकायची त्याची सवय असते. रोज काढून उकिरड्यावर किंवा परसबागेत टाका, लेंडीखत वांग्या-मिरचीला फार चांगलं. कधी मूत लालसर दिसतं, पाल्याच्या रंगाने तसं होतं. मात्र मुतताना कण्हत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि पहाटे तो मऊ लेंड्या स्वतःच खाताना दिसला तर किळस करू नका. ते त्याचं दुसऱ्यांदा पचवणं आहे, गाय रवंथ करते तसं.

आता माराबद्दल. चपराक मारली, पाय लावला, कान धरून उचललं, हे घराघरांत होतं. सशाचं कणखर असतं ते मागच्या पायांचं बळ, पाठीचा कणा मात्र नाजूक. घाबरून त्याने हवेत जोरात लाथ झाडली तरी कणा मोडतो आणि मागचं अंग कायमचं लुळं पडतं. मार खाल्लेला ससा कुरतडणं सोडत नाही, तो फक्त तुमच्यासमोर करत नाही. रात्री करतो. मिरचीची पूड गोधडीला लावायची ही एक युक्ती कुणी सांगते. तीही नको. ससा अंग चाटतो, तोंड पुसतो, आणि पूड त्याच्या डोळ्यांत जाते. मग करायचं काय? चुकीच्या जागी दात लावला की एकदाच जोरात टाळी वाजवा किंवा जमिनीवर पाय आपटा. ससे धोका दिसला की मागचा पाय आपटून एकमेकांना सांगतात, म्हणून ही भाषा त्यांना कळते. तो थांबला की लगेच त्याच्यापुढे तुतीची काडी ठेवा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. आई टाळी वाजवते आणि आजी बिस्कीट देते, असं झालं तर ससा आजीचंच ऐकणार. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरून. लहान लेकरांनी खाली बसूनच मांडीवर घ्यावं.

नर आणि मादीचं बोलायला लाजायचं कारण नाही. चार-पाच महिन्यांचा झाला की नर जागोजागी मुताची पिचकारी मारतो, अंगावर धावून येतो. त्याला वेड लागलेलं नसतं, तो वयात आलेला असतो. मादी छातीचे केस उपटून, गवत तोंडात धरून कोपरा उकरायला लागली तर ती घरटं करते आहे. दिवस गेलेले असू शकतात, किंवा नुसता भासही असतो. त्या वेळी तिला खोकं आणि गवत द्या, तिचं घरटं मोडू नका. बाजारात जोडी विकतात, "एकटा कंटाळेल" म्हणून. सोबत हवी हे खरं आहे. पण नर-मादीची जोडी घेतली तर साधारण ३१ दिवसांत पिल्लं, एका वेताला सहा-आठ, आणि विल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात घरात जागा राहणार नाही. आमचं मत विचाराल तर जोडी असेल तर वेगळे ठेवा, किंवा नराचं खच्चीकरण करून घ्या. त्याने पिचकाऱ्या आणि धावून येणं बरंच कमी होतं. सशाची शस्त्रक्रिया सगळीकडे होत नाही. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, ते परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता सांगतील.

आपल्या भागात एक धोका शहरातल्या सशांना नसतो. जालना म्हणजे बियाण्यांचा जिल्हा. मृगाच्या आधी घराघरांत कपाशीच्या, मक्याच्या बियाण्यांच्या पिशव्या येऊन पडतात. त्या रंगीत बियांना औषध चोळलेलं असतं. ससा पिशवी फोडतो आणि दोन दाणे खातो, तेवढं बास. बी, युरिया, फवारणीचं औषध हे सशाच्या आणि लेकरांच्या दोघांच्याही हाताबाहेर, कुलपात. दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात भरतो, त्या खोलीतही ससा नको. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. म्हशीला सरकी पेंड पेलते, सशाला पेलत नाही.

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. तिशीच्या पुढेच त्याला जड जायला लागतं. तेव्हा माठाखालची ओली भुई तो उकरत असेल तर त्याला रागावू नका, तो गारवा शोधतोय. ओलं पोतं पिंजऱ्यावर टाका, कानांना ओला हात लावा, पाण्याचं जड मातीचं भांडं दिवसातून दोनदा भरा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ठेवू नका. तोंड उघडून धापा टाकत असेल तर वेळ दवडू नका.

शेवटचं, डॉक्टरांचं. सशाला उलटी करता येत नाही. गोधडीचा धागा, प्लास्टिकची पिशवी पोटात गेली तर ती तिथेच अडकते. दहा-बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्या बंद झाल्या तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. लाळ गळते, गवताला तोंड लावतो आणि सोडून देतो, तर दात वाढलेले असतात. ते घरी कात्रीने कापायला जाऊ नका, दात उभा चिरतो. माणसांच्या गोळ्याही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडाने दिलं तर सशाच्या पोटातले उपयोगाचे जंतू मरतात आणि ससाही मरू शकतो. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, फोनला पैसे लागत नाहीत. फोनवर तीन गोष्टी सांगा: शेवटचं कधी खाल्लं, शेवटच्या लेंड्या कधी टाकल्या, आणि काय कुरतडलं होतं. कुरतडलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा सोबत ठेवा. नेताना झाकणाची टोपली घ्या, खाली त्याचं रोजचं गवत घाला, वर ओलसर फडकं टाका, आणि मोटारसायकलवर असाल तर टोपली दोघींच्या मध्ये धरा.